झाकण नसलेल्या भांड्यात सुगंधी मेणबत्ती मुरवताना

मागील हिवाळ्यात पानिपत परिसरातील एका मधपाळाच्या घरी जाण्याचा योग आला. बाहेर मोहरी ऐन फुलोऱ्यात होती. आत फळीवर कुल्हडांत व काचेच्या पेल्यांत ओतलेल्या मेणबत्त्या उघड्याच मांडलेल्या होत्या. मध काढताना निघालेल्या मेणापासून घरातील सूनबाईंनी हा जोडधंदा सुरू केला होता. परंतु दुकानदाराने निम्मा माल परत पाठविला होता. त्यावर ‘बुरशी’ आली आहे, कचरा चिकटला आहे आणि सुगंध येत नाही, अशी त्याची तक्रार होती. झाकण नाही म्हणूनच हे घडले, अशी सूनबाईंची समजूत होती. झाकण घ्यावे तर ते पेल्याहून महाग पडत होते.

प्रथम ‘बुरशी’विषयी. ती बुरशी नव्हतीच. मधमाशीचे शुद्ध मेण थंड हवेत काही दिवस राहिले की त्यातील काही घटक पृष्ठभागावर येऊन पांढुरका, पिठूळ थर तयार होतो. उत्तर भारतातील थंडीत हे सहज घडते. मऊ कापडाने पुसल्यास किंवा किंचित ऊब दिल्यास हा थर नाहीसा होतो. झाकण लावूनही तो टळत नाही. उलट तो शुद्ध मेणाची खूण मानला जातो, हे ग्राहकाला सांगितले पाहिजे.

कचऱ्याची तक्रार मात्र खरी होती. पानिपत हे जुन्या कपड्यांपासून सूत काढणाऱ्या गिरण्यांचे शहर असल्याने हवेत तंतू असतात. त्यातच मेण रात्री दिव्याखाली ओतले जात असे, त्यामुळे प्रकाशाकडे ओढले गेलेले बारीक कीटक ओल्या मेणात अडकलेले दिसले.

आता मुरण्याकडे वळू. मेण वरून घट्ट झाले तरी आतील स्फटिकरचना लगेच स्थिर होत नाही. लोणच्याप्रमाणे मेणबत्तीलाही काही दिवस द्यावे लागतात. पॅराफिनला तीन ते पाच दिवस व सोया मेणाला साधारण दोन आठवडे असा प्रघात आहे. मधमाशीच्या मेणाला मी किमान एक आठवडा सुचवितो. पहिले २४ तास भांडे उघडेच असणे योग्य, कारण गरम मेणावर झाकण घातल्यास ऊब कोंडते आणि वाफ झाकणाला लागून थेंब पडतात. या काळात भांड्यांवर उंच चौकट ठेवून मलमल ताणावी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेल्यावर जाड पुठ्ठ्याची चकती ठेवून सर्व पेले बंद खोक्यात किंवा कपाटात, उन्हापासून दूर ठेवावेत. एवढ्याने झाकणाचे काम भागते. सुगंधी तेल मेणाच्या संपूर्ण वस्तुमानात पसरलेले असल्याने उघड्या पृष्ठभागावरून होणारी घट मर्यादित असते. तरी वरचा थर निर्गंध होतो, आणि ग्राहक वास घेतो तो नेमका त्याच थराचा.

सुगंध खरा गेला होता तो चुलीवर. मेण थेट आचेवर उकळून त्यातच तेल मिसळले जात होते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते व ८५ अंशांपुढे त्याचा रंग बिघडू लागतो. ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवावे आणि भांडे खाली उतरवून, ७० अंशांच्या आसपास आल्यावर तेल मिसळावे. या मेणाला स्वतःचा मधुर वास असल्याने तेल बेतानेच घालावे. सिट्रोनेला घातलेली मेणबत्ती ‘डास पळविणारी’ म्हणून विकण्याचा मोह मात्र टाळावा. चाचण्यांत तिचा प्रभाव नगण्य आढळला आहे.

कीटकशास्त्रज्ञ या नात्याने मला अधिक काळजी वाटली ती जागेची. फळीपासून पेट्या वीस पावलांवर होत्या. मेण नीट धुतलेले नसेल तर त्यातील मधाच्या अंशावर माश्या तुटून पडतात. तेथून पेट्यांमध्ये लुटालूट सुरू होते व रोगही पसरू शकतो. म्हणून हे काम दारे-खिडक्या बंद करून, पेट्यांपासून दूर करावे. मेणपतंगाची भीती मात्र अनाठायी आहे. त्याच्या अळीला परागकण व कोषांचे अवशेष असलेली जुनी, काळी पोळी लागतात. गाळलेल्या शुद्ध मेणावर ती वाढत नाही.

कुल्हडांविषयी मी स्पष्ट नकार दिला. आतून लुकण नसलेली भाजकी माती वितळलेले मेण शोषून घेते, त्यामुळे भांडेच पेट घेण्याचा धोका असतो. वातीसाठी स्थानिक पुनर्वापरित सूतही नको, कारण त्यात बहुधा कृत्रिम धागा मिसळलेला असतो; तो वितळून काजळी धरतो. निव्वळ कापसाची विणलेली वात घ्यावी. मुरल्यानंतर प्रत्येक घाण्यातील एक मेणबत्ती जाळून पाहावी: पेल्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास या हिशेबाने वितळलेले मेण काठापर्यंत पोहोचले नाही, तर पुढच्या घाण्याला वात जाड घ्यावी.