रस्त्यावरचे काळे पट्टे काय सांगतात?



गळीत हंगाम सुरू झाला की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना उसापेक्षा रस्त्याचीच काळजी जास्त. तोडणी झाली, ट्रॉली भरली, इथवर सगळे आपल्या हातात. पुढे खुलताबादहून वेरूळला उतरणारा घाट, लेण्यांना आणि घृष्णेश्वराला येणाऱ्या गाड्यांची वर्दळ, आणि रात्रीचा अंधार.

मागे एका हंगामात वेरूळच्या अलीकडे, घाट संपून सपाटी लागते तिथे आपल्या एका सभासदाची भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. रात्री मागून जीप येऊन धडकली. जीपवाल्याचा पाय मोडला. टायर काढायला वाकलेला सभासदाचा पोरगा दोन महिने दवाखान्यात पडून होता. जीपवाला म्हणाला, "मी चाळीसच्या वर नव्हतोच." सकाळी आम्ही जागेवर गेलो तेव्हा सभासद डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "साहेब, त्याचा वेग आता कोण सांगणार? बघायला होतंच कोण?"

बघायला रस्ता होता. डांबरावर जीपच्या चाकांचे दोन काळे पट्टे ट्रॉलीपर्यंत आले होते. पंचनाम्यात त्यांची लांबी २८ मीटर लिहिली गेली, आणि तेच फार मोलाचे झाले.

यातले शास्त्र अवघड नाही. धावत्या गाडीत जोर साठलेला असतो. ब्रेक दाबून चाके जाम झाली की तो जोर टायर डांबरावर घासून खर्ची पडतो. जितका जोर जास्त, तितका पट्टा लांब. मात्र हा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागते. कोरड्या डांबरावर ताशी ३० ची गाडी ब्रेक लागल्यावर पाचेक मीटरमध्ये थांबते, ६० ची वीस-बावीस मीटर खाते. गडी इथेच फसतो. त्याला वाटते दुप्पट लागेल.

हिशेब असा करायचा. पट्ट्याची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला घर्षणांकाने गुणा, पुन्हा २५४ ने गुणा आणि आलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढा. झाला ताशी किलोमीटरमध्ये वेग. घर्षणांक म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्याचे माप. कोरड्या डांबरावर तो ०.६ ते ०.८ च्या घरात असतो, ओल्यावर बराच खाली येतो. आपल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि दवाने भिजलेले पाचट पडलेले असले तर आणखी खाली. वजन या हिशेबात कुठेच येत नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण कुळवावर माणूस उभा राहिला की बैलांना ओढ जास्त लागते ना? तसेच जड गाडीत जोर जास्त असतो, पण तिची घासणही तितकीच जास्त असते. फिटंफाट.

त्या रात्रीचा घर्षणांक आम्ही ०.६५ धरला. २८ मीटरवरून ताशी ६८ निघतात. पण जीप पट्ट्याच्या शेवटी थांबली नव्हती, धडकली होती. विम्याच्या सर्वेअरने पत्रा किती चेपला ते पाहून धडकेचा वेग ३० च्या आसपास धरला. हे दोन वेग सरळ बेरजेने मिळवायचे नाहीत. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे. आले ७४. म्हणजे चाळीस ही थाप होती.

मोठमोठ्या अपघातांत असाच तपास होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्या मोटारीच्या यंत्रातील नोंद कंपनीने तपासली. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १००, धडकताना ८९, असे कंपनीच्या अंतरिम अहवालात आले. १०० वरून ८९ वर यायला कोरड्या रस्त्यावर पुरा ब्रेक लागला तर बारा-तेरा मीटर पुरतात. पूर्ण थांबायला साठच्या आसपास लागले असते. हल्ली नव्या मोटारींना चाक जाम न होऊ देणारे ब्रेक सक्तीचे आहेत, त्यामुळे काळे पट्टे नीट उमटत नाहीत आणि यंत्रातील नोंदच पाहावी लागते. आपल्या भागातल्या जुन्या जीपा मात्र अजून रस्त्यावर सही करून जातात.

आता कडू भाग. आम्ही तोच हिशेब उलटा करून पाहिला. माणसाला दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरतात. ७४ च्या वेगात तेवढ्यात ३१ मीटर जातात. त्यात पट्टा २८, म्हणजे ट्रॉली त्याला ५९ मीटरवर दिसली. थांबायला हवे होते ६४. पाच मीटर कमी पडले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रेडियम नव्हते, रस्त्यावर दगडसुद्धा ठेवला नव्हता. सभासदांना आम्ही हे तोंडावर सांगितले. त्यांना राग आला. पण अपघात दावा न्यायाधिकरणातही आपल्या बाजूची हयगय पाहतात आणि त्या मानाने भरपाई कापली जाऊ शकते.

घाट उतरणाऱ्या जोडट्रॉलीचे गणित तर याहून वाईट. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. सगळा बोजा २२ टन धरला तर ब्रेक लागणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ३ टन येतात. जीप ताशी २० वरून अडीच मीटरमध्ये थांबते, ही जोडी सपाटीवर १८ मीटर घेते. वीस मीटरला एक मीटर उतार असला तर ४० च्या वर. अकराला एक असला की ती थांबतच नाही, ब्रेकवर उभे राहा नाहीतर देवाचे नाव घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे आमचे काही हुशार ड्रायव्हर आहेत, त्यांनी हा आकडा एकदा वाचावा. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकून वेग बसवून घ्यायचा, आणि घाटात दुसरी ट्रॉली जोडायची नाही.

आणि दुर्दैवाने कुठे काही घडलेच, तर जखमींना हलवल्यावर गाड्या सरकवण्याआधी पट्टे पंचनाम्यात मोजून घ्यायला सांगा. टेप नसली तर पावलांनी मोजून ठेवा. रहदारीने ते पुसले जातात.

त्या सभासदांच्या ट्रॉलीला आता मागे लाल रेडियमचा पट्टा आहे. त्यांच्या पोरानेच लावला, जरा वाकडा लागला आहे. आम्ही रात्री गाडीचे दिवे टाकून पाहिले. दोनशे पावलांवरून दिसतो.