प्रोग्राम डोळ्यांसमोर, पण अपडेटला सापडेना!

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. त्यापूर्वी एका नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. नेमका त्याच दिवशी घटस्थापना, म्हणजे ऐन हंगामाची सुरुवात. दर प्रोग्रामच्या आत हातानेही बदलता येतो, परंतु आम्हाला विक्रेत्याचा निरोप आला की नवी आवृत्ती घालून घ्या, बिलाची छपाईही नीट होईल. देवणीतील आमच्या कापड दुकानात गिऱ्हाईक उभे असतानाच आम्ही अपडेटची फाइल चालविली. पडद्यावर उत्तर आले, ‘हा प्रोग्राम या संगणकात बसविलेला नाही.’

आम्ही चकित झालो. त्याच प्रोग्राममधून सकाळपासून बिले निघत होती! मदतीला आलेल्या एका तरुणाने सल्ला दिला, ‘चाचा, जुने सगळे पुसून टाका, नवीन बसवू.’ आम्ही जवळजवळ हो म्हणालोच होतो. आमच्या मुनीमजींनी हात धरला आणि विचारले, ‘पुसल्यावर उधारी कुठून आणायची?’ कारण चार वर्षांची उधारी, खरेदी व साठ्याची नोंद त्याच फोल्डरच्या पोटात होती. त्या एका प्रश्नाने आमचे दुकान वाचले असे म्हणावयास हरकत नाही.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. संगणकावरील इंग्रजी आजही बोट ठेवून वाचावे लागते. तरीही त्या दिवसानंतर आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना तो उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

कब्जा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा

शेतजमिनीचे उदाहरण घ्या. तुम्ही वर्षानुवर्षे जमीन कसता, पीक घेता; पण सातबाऱ्यावर तुमच्या नावाचा फेरफारच झालेला नाही. उद्या अनुदान वाटायला आलेला माणूस शेतात जाऊन पीक पाहत नाही. तो दप्तर पाहतो आणि म्हणतो, ‘तुमचे नाव नाही.’

संगणकातही असेच दप्तर असते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ पासून ही पद्धत रूढ झाली. प्रोग्राम बसविताना त्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता या दप्तरात लिहिला जातो. अपडेटची फाइल आली की ती बहुधा सगळा संगणक धुंडाळत बसत नाही. ती दप्तर उघडते. तेथे नोंद नसेल किंवा पत्ता चुकीचा असेल, तर प्रोग्राम डोळ्यांसमोर चालू असला तरी ती ‘नाही’ म्हणते. म्हणून अशा वेळी प्रोग्राम बिघडला असे समजू नये. बहुतेक वेळा बिघाड नोंदीत असतो.

नोंद कशी चुकते?

पहिले कारण आमचेच. सहा महिन्यांपूर्वी आम्ही हौसेने प्रोग्रामच्या फोल्डरचे नाव बदलून दुकानाचे नाव दिले होते. दप्तरात मात्र जुनाच पत्ता राहिला. मग प्रोग्राम उघडत कसा होता? याचेही कारण आहे. पडद्यावरील चिन्ह, ज्याला शॉर्टकट म्हणतात, ते मूळ फाइल हलली तर विंडोज बरेचदा स्वतःच शोधून काढते. त्यामुळे आम्हाला सहा महिने काही कळलेच नाही. फोल्डर सी ड्राइव्हमधून उचलून डी ड्राइव्हमध्ये ठेवला तरी हाच घोटाळा होतो.

दुसरे कारण, जुन्या संगणकातील फोल्डर पेनड्राइव्हने नव्या संगणकात नुसता उतरविणे. काही प्रोग्राम असेही चालतात. पण नव्या संगणकाच्या दप्तरात त्यांची नोंद कधी झालेलीच नसते. आपल्याकडे हा प्रकार फार आहे.

तिसरे कारण, ३२ बिट व ६४ बिट यांचा फरक. ६४ बिटच्या विंडोजमध्ये जुन्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी फोल्डरही वेगळा असतो आणि दप्तराचा भागही वेगळा. ‘प्रोग्राम फाइल्स’ हा एक फोल्डर आणि ज्याच्या नावापुढे ‘एक्स ८६’ लिहिलेले असते तो दुसरा. प्रोग्राम ३२ बिट आणि अपडेट ६४ बिट असेल तर दोघांची गाठच पडत नाही.

चौथे कारण, खाते. काही प्रोग्राम बसविताना ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सर्वांसाठी’ असे विचारले जाते. मुलाने आपल्या खात्यात फक्त स्वतःसाठी बसविला आणि आपण दुसऱ्या खात्यातून अपडेट चालविले, तर त्या खात्याच्या दप्तरात नोंद सापडणार नाही.

पाचवे कारण, आवृत्तीची पायरी चुकणे. काही अपडेट ठरावीक आवृत्तीवरच चढतात. दोन पायऱ्या सोडून वरची फाइल आणली तर ती नकार देते. विंडोजचा १६४२ हा त्रुटी क्रमांक नेमके हेच सांगतो की ज्या प्रोग्रामला सुधारायचे तो सापडत नाही, किंवा ही सुधारणा दुसऱ्या आवृत्तीसाठी आहे.

सहावे कारण, ‘संगणक साफ करतो’ म्हणणारे फुकटचे प्रोग्राम. ते कचऱ्याबरोबर दप्तराची पानेही फाडतात. विंडोज बऱ्याच प्रोग्रामांच्या मूळ बसवणीची एक प्रत लपविलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. ती पुसली गेली तरी अपडेट अडते.

सातवे कारण, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली प्रत. ती वेगळ्याच जागी बसते. कंपनीकडून उतरविलेली अपडेटची फाइल तिला ओळखेलच असे नाही. तिचे अपडेट स्टोअरमधूनच घ्यावे.

दुरुस्ती कशी करावी?

सर्वांत आधी हिशेबाची नक्कल घ्यावी. प्रोग्राममध्ये बॅकअपची सोय असेल तर ती वापरावी आणि प्रोग्राम बंद करून संपूर्ण फोल्डरही पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही तेही पाहावे. ही पायरी झाल्याशिवाय पुढे एक बोटही हलवू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ‘संगणक पुसला गेला’ असे सांगून ही जबाबदारी टळत नाही.

मग संगणक एकदा बंद करून चालू करावा. आधीचे एखादे अपडेट अर्धवट राहिले असेल तर ते पूर्ण होते. हिशेबाचा प्रोग्राम बंद ठेवूनच अपडेट पुन्हा चालवून पाहावे.

तरीही जमले नाही तर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडावी. येथे दोन वाटा फुटतात.

यादीत नाव आहे, पण अपडेटला सापडत नाही, तर पत्ता, आवृत्ती किंवा बिट यांत चूक असावी. शॉर्टकटवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा. प्रोग्राम आज कोठे आहे ते टार्गेटच्या ओळीत दिसेल. फोल्डरचे नाव किंवा जागा बदलली असेल तर पूर्ववत करा. प्रोग्रामच्या हेल्पमध्ये अबाउट उघडून आवृत्ती पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट येथे विंडोज ३२ बिट आहे की ६४ तेही कळते. अपडेटची फाइल बसविलेल्या प्रोग्रामच्याच मेळाची आणा.

यादीत नावच नाही, तर नोंद झाली नसावी किंवा पुसली गेली असावी. प्रथम ज्या खात्यातून प्रोग्राम बसविला त्या खात्यात जाऊन पाहा. तेथेही नसेल तर आहे त्याच आवृत्तीची मूळ फाइल आणून रीतसर बसवा, हिशेब नकलेवरून परत घ्या आणि मगच नवे अपडेट चढवा. बसवताना किंवा काढताना नोंदीच आडव्या येत असतील तर मायक्रोसॉफ्टचे एक मोफत दुरुस्ती साधन आहे. ते फक्त मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावे.

आमच्या बाबतीत मुनीमजींनी २०२१ सालचा बसवणीचा कागद काढला. त्यावर फोल्डरचे मूळ नाव होते. ते नाव पुन्हा दिले आणि दहा मिनिटांत अपडेट चढले. काहीही पुसावे लागले नाही.

काय करू नये?

रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नये. तलाठ्याच्या दप्तरात आपण खाडाखोड करीत नाही, तसेच हे. ‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ म्हणणारी अनोळखी फाइल उतरवू नये. फोनवरून ‘कंपनीतून बोलतो’ म्हणणाऱ्याच्या हाती आपला संगणक दुरून देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

फोल्डरला उर्दू किंवा मराठी अक्षरांत नाव देण्याचा मोह आम्हालाही होतो. आपल्या पत्रांना, याद्यांना जरूर द्यावे. परंतु कित्येक जुन्या प्रोग्रामांना ही अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांना तेथे नुसती प्रश्नचिन्हे दिसतात आणि पत्ता हरवतो. म्हणून प्रोग्रामच्या फोल्डरचे नाव आहे तेच राहू द्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याला अपडेट मागण्याची सोय राहत नाही. खरी प्रत नाही हे ओळखून अपडेट थांबते, किंवा चढले तर प्रोग्रामच बंद पडतो. शिवाय प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे गुन्हा आहे. धंद्यासाठी वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वाचविलेले पैसे असे महाग पडतात.

शेवटी एक साधा उपाय. गल्ल्याजवळच्या डायरीत एक पान राखून ठेवा. त्यावर प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, परवान्याचा क्रमांक, फोल्डरचा पत्ता, कोणत्या खात्यातून बसविला ते आणि शेवटची नक्कल घेतल्याची तारीख लिहा. शिंप्याच्या दुकानातील नक्षीकामाचे प्रोग्राम असोत, छापखान्यातील अक्षरजुळणीचे असोत की आमच्यासारख्यांचे हिशेबाचे, प्रत्येकासाठी एक ओळ पुरे. आमच्या डायरीत आता ते पान आहे. मुनीमजींच्या अक्षरात.