हळदीच्या जनुकांची नोंदवही

औंढा नागनाथ तालुक्यात हळदीची लागवड पावसाळ्याच्या तोंडावर होते आणि पीक हाती येण्यास सुमारे आठ-नऊ महिने लागतात. या काळात रोपाच्या पानात आणि कंदात जनुकांचा संच एकच असतो. कोणते जनुक कोठे व किती कार्यरत आहे, यात मात्र फरक पडतो. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कुर्कुमीनच्या निर्मितीमागेही अशीच काही जनुके आहेत. जनुकापासून तयार होणाऱ्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण मोजून त्याची कार्यरतता ठरविली जाते. यालाच जनुक-अभिव्यक्ती म्हणतात.

समजा, तालुक्यातील शेतांतून ६० नमुने घेतले आणि प्रत्येकात ३० हजार जनुके मोजली, तर १८ लक्ष आकडे जमा होतील. प्रत्येक नमुन्यास एक रकाना द्यावा, असे प्रथम कोणालाही वाटेल. परंतु एकसष्टावा नमुना येताच तक्त्याची रचनाच बदलावी लागते. त्यापेक्षा एका ओळीत एकच मोजणी ठेवणे श्रेयस्कर : नमुना क्रमांक, जनुक क्रमांक आणि आकडा. जनुकांची माहिती वेगळ्या तक्त्यात असावी. वाण, शेत, रोपाचे वय, नमुना पानाचा की हळकुंडाचा, हा तपशील नमुन्यांच्या तक्त्यात एकदाच लिहावा. मग चूक आढळल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. अन्यथा एका नमुन्यासाठी ३० हजार ओळी तपासाव्या लागतील.

खरी मेख या तपशिलातच आहे. ‘सेलम, कंद’ एवढेच लिहिले आणि रोपाचे वय राहून गेले, तर आढळलेला फरक वाणाचा की वयाचा, हे सांगता येत नाही. तोवर हळद खणून, शिजवून, वाळवून वसमतच्या बाजारात गेलेली असते. पुन्हा मोजायचे तर पुढील हंगामाची वाट पाहणे आले. म्हणून वयाचा रकाना रिकामा असेल तर नोंद स्वीकारूच नये, अशी तरतूद आराखड्यातच हवी. ही सक्ती प्रारंभी जाचक वाटते खरी, पण एक हंगाम गमावण्यापेक्षा ती परवडते. प्रयोगाची किमान कोणती माहिती द्यावी, याचे निकष शास्त्रज्ञांनी २००१ मध्येच प्रसिद्ध केले होते.

यंत्रातून आलेली मूळ गणना आणि तीवरून काढलेले मूल्य हेही स्वतंत्र ठेवावे. गणिताची रीत पुढे सुधारते, तेव्हा मूळ आकड्यांकडेच परतावे लागते. फरिदाबाद येथे २०२२ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेल्या भारतीय जैविक माहिती केंद्रासारख्या भांडारात नोंदी पाठवितानाही हीच शिस्त उपयोगी पडते.