कोबे बंदरांतील दोन दिवस

जपानला निघालेल्या पुणेकर कुटुंबाच्या यादींत टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा हीं नांवें बहुधा ठरलेलीं असतात. कोबेचें नांव त्यांत क्वचितच असतें. असलेंच तर ओसाकाच्या मुक्कामांतील एखादी मोकळी दुपार घालविण्याचें स्थळ म्हणून. वास्तविक मुंबईचा जपानशीं जो व्यापार वाढला, त्याचें जपानकडील एक मोठें दार म्हणजे हें बंदर होय. १८९३ सालीं जमशेटजी टाटा आणि निप्पॉन यूसेन कैशा ही जपानी आगबोट कंपनी यांनीं मिळून मुंबई-कोबे जलमार्ग सुरू केला. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला 'हिरोशिमा मारू' ही आगबोट कोबेहून मुंबईस निघाली. तोंपर्यंत या मार्गावर युरोपीय कंपन्यांचा मक्ता होता आणि कापसाच्या वाहतुकीचे दर त्यांच्या मर्जीनें ठरत. नव्या मार्गानें त्या मक्त्याला शह बसला. पुढें १९२३ च्या भूकंपांत योकोहामा उद्ध्वस्त झालें, तेव्हां तेथील अनेक भारतीय व्यापारीही कोबेला येऊन राहिले.

अशा शहरासाठीं दोन दिवस राखून ठेवावे. मात्र दोन दिवसांत सर्व कांहीं पाहण्याचा हव्यास धरूं नये. शनिवार पेठेंत परगांवचा पाहुणा आला आणि त्याला दोनच तासांची सवड असली, तर जाणता यजमान त्याला गांवभर फिरवीत नाहीं. तो त्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशीं नेतो, १८२८ च्या आगींतून वाड्याचे तट व दरवाजे तेवढे कसे उरले तें सांगतो आणि मग गल्लीबोळांतून उतरून ओंकारेश्वरापाशीं मुठेच्या कांठीं घेऊन जातो. वाडा आणि नदी यांमधला उतार पायांखालून गेला म्हणजे पेठेची ठेवण आपोआप ध्यानांत येते. कोबेलाही असाच एक उतार आहे. तोच धरून चालावें, म्हणजे बेताची निम्मी अडचण दूर होते.

हें शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधील एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेलें आहे. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग आहे. तिचें सर्वोच्च शिखर ९३१ मीटर उंच आहे. दक्षिणेस ओसाकाचा उपसागर आहे. त्यामुळें येथील माणसें वाट सांगतांना उत्तर-दक्षिण न म्हणतां 'डोंगराकडे' आणि 'समुद्राकडे' असें सांगतात. नवख्या माणसानें एवढे दोन शब्द ध्यानांत ठेवले तरी त्याची वाट सहसा चुकत नाहीं. जागेची टंचाई इतकी, कीं येथील लोकांनीं डोंगर कापून त्याची माती समुद्रांत भरली आणि नवीं बेटें तयार केलीं. त्यांपैकीं पोर्ट आयलंड हें बेट १९८१ मध्यें पुरें झालें.

जाण्याचा काळ मार्चअखेर ते एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा उत्तम. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, पुढें वादळांचे दिवस येतात. आणि एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्याच सुट्या असल्यामुळें गाड्या व खाणावळी भरलेल्या असतात. व्हिसा आधीं काढावा लागतो. कानसाई विमानतळ १९९४ पासून समुद्रांतील कृत्रिम बेटावर आहे. तेथून मोटारगाडीनें सुमारें एका तासांत शहरांत येतां येतें. परंतु अर्ध्या तासांत खाडी ओलांडणारी होडीही आहे, आणि बंदराच्या गांवीं पाण्यावरून प्रवेश करण्यांत औचित्य आहे. ओसाकाहून येणारास सान्नोमिया स्थानक आगगाडीनें अवघ्या वीस-बावीस मिनिटांवर आहे. उतरण्याची जागा याच स्थानकाच्या आसपास पाहावी. जपानचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेतीन तास पुढें असतें, हें मुलांच्या झोपेच्या दृष्टीनें विसरूं नये. शाकाहारी मंडळींनीं एक गोष्ट विशेष सांभाळावी: जपानी सार व रस्से दिसण्यांत भाजीचे असले, तरी त्यांचें मूळ पाणी पुष्कळदां सुक्या माशांचें असतें. तेव्हां आधीं विचारूनच जेवावें. शहरांत भारतीय खाणावळी आहेत.

पहिला दिवस डोंगरापासून आरंभावा. शिन-कोबे स्थानकाच्या मागेंच नुनोबिकीचा धबधबा आहे; पाव तासाच्या चढणीनंतर ४३ मीटर उंचीवरून पडणारें पाणी दिसतें. तेथून उतरून कितानो या भागांत यावें. परदेशी व्यापाऱ्यांनीं बांधलेलीं जुनीं घरें येथें राखून ठेवलीं आहेत. १९०९ मधील एका विटांच्या घराच्या शिखरावर वारा दाखविणारा कोंबडा आहे, आणि तोच या वस्तीची खूण झाला आहे. घरें पुष्कळ आहेत. प्रत्येकाचें तिकीट काढून आंत शिरण्यापेक्षां एक-दोन नीट पाहावीं. येथेंच १९८५ सालीं उभें राहिलेलें संगमरवरी जैन मंदिर आहे, आणि जवळच १९३५ मध्यें बांधलेली, जपानांतील पहिली मशीद आहे. तिच्या उभारणींत भारतीय व्यापाऱ्यांचा वांटा होता. १९४५ चे बाँबहल्ले आणि १९९५ चा भूकंप या दोहोंतूनही ती वांचली.

पुढें इकुता देवस्थान लागतें. या देवस्थानाच्या सेवेस लावून दिलेल्या कुटुंबांना जो शब्द होता, त्यावरूनच 'कोबे' हें नांव आलें. रस्ता समुद्राकडे उतरत जातो, तसा काळही पुढें सरकतो. १८६८ च्या १ जानेवारीस बंदर परदेशी व्यापाराला खुलें झालें, आणि परकीयांसाठीं सरळ रस्त्यांची एक स्वतंत्र वसाहत आंखण्यांत आली. ती १८९९ मध्यें जपानच्या ताब्यांत परत आली. आज तेथें जुन्या पेढ्यांच्या दगडी इमारती आहेत. तिच्या पश्चिमेस चिनी पेठ आहे. तेथें दुपारीं थोडें खाऊन मंडळी धक्क्यावर आली, कीं १०८ मीटर उंचीचा तांबडा मनोरा समोर दिसतो. १९६३ मधील या मनोऱ्याचा घाट जपानी हातढोलकाचा आहे. मराठी डोळ्याला तो मध्यें निमुळता झालेला डमरूच वाटेल. धबधब्यापासून धक्क्यापर्यंत ही वाट तीनएक किलोमीटरांची आहे. म्हाताऱ्या माणसांनाही विसावा घेत घेत ती चालतां येते.

या मनोऱ्याजवळच मेरिकेन बागेच्या कडेला, सहलीच्या बेतांत ज्यासाठीं मुद्दाम अर्धा तास मोकळा ठेवावा, अशी जागा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजीं पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनीं झालेल्या भूकंपानें या भागांत ६,४३४ माणसांचा बळी घेतला. बंदराचे धक्के फुटले, खचले. बंदराची दुरुस्ती मार्च १९९७ पर्यंत पुरी झाली. मात्र धक्क्याचा सुमारें ६० मीटर लांबीचा तुकडा हेतुपुरस्सर दुरुस्त केला नाहीं. फुटलेल्या लाद्या अजून पाण्यांत आहेत, दिव्यांचे खांब अजून कललेले आहेत. सभोंवार सुंदर बाग, वर उंच मनोरा आणि मध्यें ही जखम, असें तें दृश्य आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहराच्या पूर्व भागांतील आपत्तिनिवारण संग्रहालय पाहावें. तें २००२ मध्यें उघडलें. सोमवारीं सामान्यतः बंद असतें, म्हणून वार आधीं पाहून घ्यावा. भूकंप कसा झाला, लोकांनीं एकमेकांस कसें बाहेर काढलें, पाणी, निवारा व औषधें यांची सोय कशी लागली, हें तेथें क्रमानें मांडलेलें आहे. दुपारीं बंदरांतून होडीची फेरी घ्यावी, म्हणजे डोंगर, शहर आणि धक्के एका नजरेंत येतात. आरिमाचे उष्ण झरे, हिमेजीचा किल्ला आणि आकाशीचा झुलता पूल हीं तिन्ही स्थळें पाहण्याजोगीं खरीं. परंतु दोन दिवसांच्या बेतांत त्यांना जागा नाहीं. तीं पुढील खेपेस राखून ठेवावीं.

शनिवार पेठेंतील घराला त्या फुटक्या धक्क्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांतून शिरलें. ओंकारेश्वर पाण्याखालीं गेलें, वाडे कोसळले, आणि कित्येक कुटुंबें कायमचीं सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वस्त्यांत गेलीं. त्या दिवशीं पाणी कोठवर आलें होतें, हें भिंतीवर बोट ठेवून सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. आणि ज्या भिंतींवर बोट ठेवावयाचें, त्या जुन्या वाड्यांबरोबर पाडल्या जात आहेत.

म्हणून कोबेच्या प्रवासाला घरांतील वडील माणूस आणि शाळकरी मूल हीं दोघेंही बरोबर असावींत. साठ मीटरांचा मोडका धक्का जपून ठेवावयाला पैसा फार लागला नसेल. तो दुरुस्त न करण्याचा निश्चय मात्र करावा लागला. परत आल्यावर ज्यांच्या वाड्याची भिंत अजून उभी आहे, त्यांनीं पुराच्या पाण्याची उंची वडिलांकडून विचारून घ्यावी, तेथें एक रेघ ओढावी आणि तिच्याशेजारीं तारीख लिहावी. ती भिंत पडण्यापूर्वीं तिचें एक छायाचित्रही घेऊन ठेवावें.