आधी पिच रिपोर्ट, मग बग्गी

आरसी कार घ्यायची म्हटलं की कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पळते किती?’ दुसरा, ‘पडते कितीला?’ आणि कुणी जरा जास्तच अभ्यासू असेल तर तिसरा, ‘ब्रशलेस आहे ना?’ यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. फक्त या तिन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न राहून जातो: चालवणार कुठे?

टॉसच्या आधी कॅप्टन पिचवर जाऊन काय करतो? वाकतो, बोटानं दाबून बघतो, गवत आहे की भेगा पडल्यात ते पाहतो. तिसरा स्पिनर की जादा पेसर, हे त्यावर ठरतं. रिमोटवर धावणाऱ्या रेसिंग बग्गीचंही सेम आहे. मोटर कितीही तगडी असो, तिची ताकद जमिनीपर्यंत पोचते ती टायर जिथे टेकतो तेवढ्या टिचभर जागेतून. तिथे ग्रिप नसेल तर चाकं नुसती गरगरतात आणि गाडी जागच्या जागी गिरक्या घेते. आणि ग्रिप फार असेल तर? मग गाडी कोलांटी मारते. हे दुसरं अनेकांना पटत नाही. त्याच्याकडे येऊच.

इथे आपण खेळण्यांच्या दुकानातल्या गाडीबद्दल बोलत नाही आहोत. हॉबी-ग्रेड गाडीचा प्रत्येक स्क्रू, आर्म, गिअर सुटा मिळतो आणि बदलता येतो. त्यातला सगळ्यात चुरशीचा प्रकार म्हणजे १/१० स्केलची टू-व्हील ड्राइव्ह बग्गी. रुंदी जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आसपास, दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना.

आता गंमत बघा. या क्लासमधल्या मोठ्या कंपन्या एकाच बग्गीच्या दोन आवृत्त्या विकतात. टीम असोसिएटेडची बी६ जास्त ग्रिपच्या ट्रॅकसाठी होती आणि बी६डी मातीसाठी. एक्सरेच्या एक्सबी२ची कार्पेट एडिशन वेगळी, डर्ट एडिशन वेगळी. टीएलआरच्या २२ ५.० मॉडेलमागे ‘डीसी’ लिहिलं असेल तर डर्ट आणि क्ले, ‘एसी’ असेल तर अ‍ॅस्ट्रो आणि कार्पेट. फोटोत दोन्ही जुळ्या बहिणी वाटतात. म्हणून मागचं अक्षर न बघता ऑर्डर टाकली, तर पैसे पूर्ण जातात आणि गाडी दुसऱ्याच जमिनीची येते.

मोटर मागून मध्ये कशी आली?

१९८४ मध्ये असोसिएटेडची आरसी१० आली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मारला १/१० इलेक्ट्रिक ऑफ-रोडची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि टू-व्हील ड्राइव्हचं टायटल याच गाडीनं मारलं. त्या काळातले ट्रॅक म्हणजे मोकळ्या आवारातली भुसभुशीत माती. म्हणून मोटर बसवली मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. का? पावसाळ्यात चिखलात मागचं चाक फिरत राहिलं आणि बाइक हलेना, की आपण मित्राला म्हणतो ना, ‘अरे, मागे बस जरा!’ अगदी तेच लॉजिक. ओढणाऱ्या चाकावर वजन आलं की ते जमिनीला धरतं.

पुढे ट्रॅक बदलले. शेडमधले, दाबून पाणी मारून पक्के केलेले क्लेचे ट्रॅक आले. त्यावर गाड्या धावून धावून टायरचं रबर बसतं आणि रेसिंग लाइन चकाकायला लागते. युरोपात कार्पेटवर आणि आखूड केसांच्या कृत्रिम गवतावर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोवर, रेस सुरू झाल्या. इथे मागच्या चाकांना ग्रिप मिळवायची गरजच नव्हती, ती फुकटात होती. उलट मागे लटकलेलं वजन वळणावर लोलकासारखं बाहेर फेकलं जायला लागलं आणि पुढची चाकं हलकी असल्यामुळे गाडी वळेना. मग मोटर अ‍ॅक्सलच्या पुढे सरकली, मिड-मोटर. २०१४ च्या सुमाराला असोसिएटेडनं बी५ मागच्या मोटरची आणि बी५एम मधल्या मोटरची, अशा दोन्ही बाजारात आणल्या. त्यानंतर मिड-मोटरच जिंकली म्हणायला हरकत नाही. आज मातीसाठीच्या रेस बग्गीतही मोटर बहुतेक मध्येच असते.

मग डर्ट आणि कार्पेट एडिशनमध्ये फरक उरतो तो काय? वजन कुठे आणि किती उंचीवर ठेवलंय, एवढाच. पण तोच तर सगळा खेळ आहे! कार्पेटवाल्या गाडीत मोटर-गिअरबॉक्स शक्य तितके खाली आडवे झोपवलेले असतात, गाडी जमिनीला जवळ असते, स्प्रिंग कडक. डर्टवाल्या गाडीत वजन थोडं वर आणि मागे असतं, स्प्रिंग मऊ असतात. थ्रॉटल दाबलं की गाडी मुद्दाम मागे बसते आणि मागचे टायर मातीत दाबले जातात. म्हणजे जो झोल कार्पेटवर नको असतो, तोच मातीवर मुद्दाम ठेवलेला असतो.

आणि ती कोलांटी. कार्पेटवर टायर इतका चिकटतो की वळणावर तो सरकतच नाही. टायर जागेवर, वरचा भाग मात्र बाहेर निघालेला, आणि गाडी आडवी. रिक्षा वेगात वळताना एक चाक उचलतं तसंच. यावर रेसर काय करतात माहितीये? पुढच्या टायरच्या कडेला सुपरग्लूचा थर देतात, म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला फेविक्विक म्हणतात तसला गोंद. कड गुळगुळीत आणि कडक झाली की ती जमिनीला चावत नाही. ग्रिप मिळवायला महागडे टायर घ्यायचे आणि मग त्यावर गोंद लावून थोडी ग्रिप कमी करायची!

आपल्या मैदानाचं काय?

आपल्याकडे जे रिव्ह्यू बघून गाडी ठरते, त्यातले बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या पक्क्या ट्रॅकवरचे असतात. ‘ही बग्गी म्हणजे बाप’ हे तिथे शंभर टक्के खरं असेल. पण आपल्या कॉलेजमागच्या मुरुमाच्या मैदानावर तीच गाडी खडे घासत जाईल आणि वळणावर शेपूट फिरवेल. दोष ना गाडीचा, ना रिव्ह्यू करणाऱ्याचा.

शिवाय आपलं मैदान म्हणजे एक ट्रॅक नाही, वर्षभरातले तीन ट्रॅक आहेत. पावसाळा सरताना मुरूम दबलेला, किंचित ओलसर असतो आणि मस्त ग्रिप देतो. डिसेंबर-जानेवारीत वरचा थर सुटायला लागतो. एप्रिलमध्ये खाली टणक जमीन, वर पिठासारखी धूळ. यासारखी निसरडी जागा शोधून सापडणार नाही. हे चक्र एका दिवसातही दिसतं, सकाळी दव असताना एक आणि दुपारी दुसरं. काळ्या मातीत पावसात बग्गी काढायचा विचारही करू नका. टायरचे दाणे भरून चाकाचा लाडू होतो.

टेस्ट सोपी आहे. मैदानावर चपलेची टाच जोर देऊन घासा. धुळीचा रेघोटा उठला आणि टाच सरसर गेली तर लो ग्रिप. टाच अडकत, करकरत गेली तर मीडियम. मग खाली बघा: सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे खडे पसरलेत का? असतील तर १/१० ची रेस बग्गी विसरा. तिच्या पोटाखाली जागाच दोन-सव्वादोन सेंटिमीटरची. तिथे १/८ ची बग्गी किंवा मोठ्या चाकांचा ट्रक घ्या, जीव वाचेल. गाडीचा.

गच्चीवरचा कोबा आणि पार्किंगचं काँक्रीट धूळ असली की निसरडं आणि झाडलं की चांगलं चिकट असतं, पण दाणेदार टायर तिथे खोडरबरासारखे झिजतात. आणि बॉक्स क्रिकेटचं टर्फ म्हणजे रेसिंगचं अ‍ॅस्ट्रो नव्हे. त्याचे लांब केस अ‍ॅक्सलला गुंडाळले जातात, शिवाय टर्फवाला ओरडतो तो वेगळाच.

म्हणून मुरुमाच्या, बऱ्यापैकी सपाट मैदानासाठी माझं मत स्पष्ट आहे: डर्ट एडिशन, सेकंडहँड मिळाली तरी चालेल, आणि मोटर सौम्य. मोटरवर ‘टर्न’चा आकडा असतो, आकडा जितका मोठा, मोटर तितकी शांत. १७.५ किंवा १३.५ टर्न भरपूर झाली. धुळीत ६.५ टर्नची मोटर लावून फक्त धूळ उडते, लॅप टाइम वाढतो. फोर-व्हील ड्राइव्ह घेऊ का, असं विचाराल तर नवख्याला ती सोपी जाते हे खरं, निसरड्या जागी तर जास्तच. पण पार्ट जास्त, तुटणार जास्त, खर्च जास्त. आणि बोटाला थ्रॉटलचं वळण लावायचं तर टू-व्हीलसारखा कडक मास्तर नाही.

बजेट मांडताना एक छुपा खर्च लक्षात ठेवा. रेस किटच्या डब्यात मोटर, स्पीड कंट्रोलर, रेडिओ, बॅटरी यातलं काहीच नसतं, आणि बहुतेक वेळा टायरसुद्धा नसतात! किटची किंमत म्हणजे अर्धीच गोष्ट. त्यात परदेशातून पार्ट मागवले तर कस्टम्स ड्युटी आणि वाट बघणं आलंच. म्हणून ताणून टॉप मॉडेल घेण्यापेक्षा एक पायरी खालचं घ्या आणि उरलेल्या पैशांत टायरचे दोन सेट घ्या. भुसभुशीत मातीला लांब, विरळ दाण्यांचे. दबलेल्या जमिनीला आखूड, दाट दाण्यांचे. आतला फोम आणि रबराचा मऊपणाही बघायचा असतो, पण ते सगळं नंतर. एकाच गाडीवर नुसते टायर बदलून जेवढा फरक पडतो, तेवढा महागडी मोटर टाकून पडत नाही.

बॅगेत सुटे पार्ट, जादा बॅटरी सगळं भरलं की घराच्या कोपऱ्यातला खराटाही उचला. रेसिंग लाइनवरची सुटी धूळ आणि खडे दहा मिनिटांत बाजूला होतात, खालची टणक जमीन वर येते आणि त्याच टायरवर गाडी धरून वळायला लागते. फक्त कोण झाडणार, यावरून ग्रुपमध्ये भांडण ठरलेलं. शेवटचा आला तो झाडेल, असं आधीच ठरवून टाका.