दम आणि दमा : एका कान्याचे अंतर
(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण खऱ्या दम्याची लक्षणे पाहिली. आज, दमा नसताना दम्याच्या नावाने ज्याची नोंद होते, त्या व्याधीकडे वळू. 'दम' आणि 'दमा' हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. परंतु दम लागणे ही रोग्याची फिर्याद आहे आणि दमा हा वैद्याने दिलेला निकाल आहे. साक्षीपुरावा न घेता फिर्यादीला नुसता काना जोडून निकाल लिहिण्याची घाई कशी होते, हे पाहण्यास बुलढाणा जिल्ह्याची सीमा ओलांडावी लागत नाही.

खामगावच्या कापसाचा लौकिक एवढा, की जलंबपासून तेथवर आठ मैलांचा लोहमार्ग टाकला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. पुढे खामगाव, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी आणि रुई विलग होताना जी धूळ उडते, ती शुद्ध कापसाची नसते. बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्य तिच्यात असते, आणि तेच श्वासनलिकांना आकुंचित करते. या व्याधीस 'बिसिनोसिस' म्हणतात.

हिची खूण मोठी विलक्षण आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात तिचा कसून अभ्यास केला, तेव्हा कामगारांची कैफियत एकच निघाली : रविवारची सुटी भोगून सोमवारी कामावर आले, की काही तासांत छाती आवळल्यासारखी होते आणि मंगळवार-बुधवारपर्यंत ती सैल पडते. विश्रांतीनंतरच्या पहिल्याच दिवशी बळावणारा आणि श्रमाचे दिवस सरता सरता ओसरणारा हा विकार म्हणजे आपल्या व्यवहारबुद्धीला चकवाच! सर्वसाधारण दमा मध्यरात्री वा पहाटे जागे करतो, त्याला कुळाचा वारसा असतो, सर्दी-शिंकांची सोबत असते. येथे यांपैकी काही असेलच असे नाही. क्ष-किरणांच्या चित्रातही विशेष काही उमटत नाही. पाळीपूर्वी व पाळीनंतर फुंकरीचा जोर यंत्राने मोजून पाहिला, तरच तफावत कळते. प्रारंभी जागा बदलली तर छाती पूर्ववत होऊ शकते; वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, की सोमवारचा त्रास सातही वारांचा होतो आणि मग दमा कोणता व ही व्याधी कोणती, हे निवडणे तज्ज्ञालाही जड जाते. जिनिंगचे काम हंगामी असल्यामुळे आपल्याकडे वाराइतकाच महिनाही विचारावा, असे मला वाटते : दसरा-दिवाळीनंतर लागणारा दम पावसाळ्यात कुठे जातो?

दम्याचे सोंग घेणारे आणखीही आहेत. बालपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या तरुणीला रात्री उठून बसावे लागते. खेळता खेळता शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेल्या बालकाची छाती एकाच बाजूने वाजते. आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या माउलीची फुप्फुसे धुराने झिजतात. (यावरून कोणी आपला दम्याच्या औषधाचा पंप आपल्याच हुकुमाने बंद करू नये, तो निर्णय वैद्याचा.)

१७०० मध्ये इटलीच्या रामाझिनी यांनी, रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे वैद्यांना बजावले होते. आपल्याकडे केसपेपरवर त्या रकान्यात 'मजुरी' एवढाच मजकूर पडतो, आणि त्या एका शब्दात शेत, वीटभट्टी, जिन सारेच सामावते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीने होणारा हा श्वसनविकार नमूद होता. परंतु भरपाईसाठी कचेरीत अर्ज द्यावयाचा, तर कागदावर कुठेतरी 'जिन' हा शब्द यावा लागतो, आणि दप्तरात असतो तो 'दमा'.