सातपुड्याच्या पायथ्याची एकटी भाषा

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? चिखली तालुक्यातली उंद्री घाटावरची. इथून खामगावकडे निघालं की उतार लागतो, हवा तापत जाते आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन सुरू होते. कपाशी, तूर, सोयाबीन. नांदुरा मागे टाकून पूर्णा ओलांडायची, जळगाव जामोद गाठायचं. तोवर लांबून निळसर दिसणारा सातपुडा अगदी समोर येऊन उभा राहतो. शनिवार-रविवार मिळाला की आपल्याकडची मंडळी शेगावला जातात, लोणारला जातात. या बाजूला फारसं कुणी वळत नाही. वळलंच तर अक्षय तृतीयेच्या सुमाराला, भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत ऐकायला.

आणि इथेच, जामोद, सोनबर्डी, कुवरदेव या गावांच्या परिसरात आणि डोंगरापलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या टेंभीच्या आसपास, काही घरांत एक भाषा बोलली जाते. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या भाषेशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. बाहेरचे लोक तिला निहाली किंवा नहाली म्हणतात. बोलणारे स्वतः तिला कालतो म्हणतात.

यात नवल काय, ते समजायला आजूबाजूच्या भाषांची सोयरीक पाहावी लागते. आपली मराठी संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आलेली. तिचं कूळ थेट युरोपपर्यंत पसरलेलं आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनिया देशातली लिथुआनियन भाषा तर या कुळातल्या जिवंत भाषांमध्ये सर्वांत जुनं वळण राखणारी मानली जाते. भारतातून तिकडे गेलेल्या माणसाला तिथले लोक आवर्जून सांगतात की आमचे शब्द तुमच्या संस्कृतसारखे आहेत. आणि ते खरंही आहे. मेळघाटातली कोरकू वेगळ्या कुळातली, मुंडा शाखेची. संथाली तिची जवळची बहीण आणि कंबोडियातली ख्मेर व व्हिएतनामी हे तिचे दूरचे नातलग. त्या सबंध कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक म्हणजे ही कोरकू. विदर्भात बोलली जाणारी गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगू-कन्नडच्या गोतातली. म्हणजे उंद्रीत बसलेल्या माणसाचं बोलणं लिथुआनियातल्या विल्नियसच्या माणसाशी नात्याने जोडलेलं आहे, त्याच्या कोरकू शेजाऱ्याचं हनोईच्या माणसाशी. पण त्याच जिल्ह्यात, सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेआधी पोचता येईल अशा गावातल्या निहाली माणसाचं बोलणं मात्र कुणाशीच जोडलेलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा उघडून बसलो होतो. आजही जळगाव जामोदचं नाव कुठे दिसलं की हेच आधी आठवतं.

भाषा अशी एकटी आहे हे ठरवणं सोपं नसतं. निहालीत उसने शब्द भरपूर आहेत. शतकानुशतकं कोरकूंच्या शेजारी राहिल्याने कोरकूतून आलेले शब्द ढिगाने आहेत, मराठी-हिंदीचे आहेत, द्राविडीही आहेत. अंकच पाहा. दोन, तीन, चार हे द्राविडी वळणाचे आणि पाचपासून पुढचे आपल्यासारखे. एवढी सरमिसळ असल्यामुळे ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1906 मधल्या खंडात तिला मुंडा भाषांबरोबर, कोरकूच्या शेजारी बसवलं गेलं. 1940 मध्ये रॉबर्ट शेफर या अभ्यासकाने उसने थर बाजूला काढून पाहिले आणि खाली काही वेगळंच उरतं, असं मांडलं. 1957 मध्ये सुधिभूषण भट्टाचार्य यांची प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीची टिपणं आली. 1962 मध्ये डच पंडित कायपर यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं आणि हिशेब मांडला. सुमारे एक चतुर्थांश शब्दांचा पत्ता कुठेच लागत नव्हता. हे शब्द आडवळणाचेही नव्हते, तर शरीराचे अवयव, पाणी, विस्तव असल्या गोष्टींचे होते. असे शब्द माणसं सहसा शेजाऱ्याकडून उसने घेत नाहीत. पाण्याला निहालीत जोप्पो म्हणतात. हा शब्द ना आपल्या कुळात बसतो, ना कोरकूच्या, ना गोंडीच्या. पुढे आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दसंग्रह तयार केला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी तिचा अभ्यास पुढे नेला. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितली जाते.

ही भाषा आर्यांच्या, द्राविडांच्या, मुंडांच्याही आधी मध्य भारतात बोलल्या जाणाऱ्या कुठल्या तरी भाषेचा उरलेला तुकडा असेल का? अनेक अभ्यासकांना तसं वाटतं. नेपाळातली कुसुंडा, गिलगिटकडची बुरुशास्की, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क, अशा मोजक्या एकट्या भाषा जगात शिल्लक आहेत. त्या पंक्तीत बुलढाणा जिल्ह्याचं नाव आहे, याचा अभिमान आपल्या शाळांमधून एकदा तरी बोलून दाखवला जावा असं मला मनापासून वाटतं.

पण कायपर यांनी आणखीही एक शंका काढली होती. ही भाषा मुळात बाहेरच्यांना कळू नये म्हणून घडवलेली गुप्त बोली तर नसेल? या शंकेला एक पार्श्वभूमी होती. इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांतून नहाल लोकांचं वर्णन डोंगरातले लुटारू असं केलेलं आढळतं. एकदा असा शिक्का बसला की माणसाचं बोलणंही संशयाच्या नजरेने पाहिलं जातं. गुप्त बोलीचा तर्क अभ्यासकाने प्रामाणिकपणे मांडला असेल, पण तो वस्तीवर जाऊन कुणाला ऐकवायचा नसतो. बाहेरचा माणूस आला की कोरकू किंवा मराठीकडे वळणं, आपली भाषा आपल्यातच ठेवणं, ही सवय अशा माणसांना हौसेने लागत नाही. वऱ्हाडातून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आपल्या पोरांना हे थोडंफार कळेल. तोंड उघडताच समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, मग दोन महिन्यांत हेल बदलतो आणि घरच्या फोनवर तेवढा परत येतो. आपल्या पाठीशी निदान मराठीचं मोठं घर आहे. निहाली माणसापाशी तेवढंही नाही.

परदेशात दोन दिवसांच्या सहलीला गेलेला मराठी माणूस बाल्टिक देशांत नेमक्या याच नाजूक जागी जाऊन धडकतो. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये नोकरी करणारी आपली मुलं शनिवार-रविवारी लात्वियातलं रीगा पाहायला जातात. जुनं शहर, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हवाईजहाजांच्या शेडचा उपयोग करून उभारलेला प्रचंड मोठा बाजार, सगळं देखणं. तिथे कुणी दोन रशियन शब्द शिकून गेला आणि दुकानातल्या तरुण मुलीशी ते बोलला, तर तिचा चेहरा बंद होऊ शकतो. कारण त्या शब्दांमागे 1940 मधली सोव्हिएत सत्ता आहे आणि मार्च 1949 मध्ये एकट्या लात्वियातून हद्दपार केलेली सुमारे 42 हजार माणसं आहेत. 1935 मध्ये आपल्याच देशात तीन-चतुर्थांश असलेले लात्वियन 1989 च्या गणनेत 52 टक्क्यांवर आले होते. 2012 मध्ये रशियनला दुसरी राज्यभाषा करावी का, असं सार्वमत घेतलं तेव्हा सुमारे 75 टक्के मतदारांनी नाही म्हटलं. पण त्याच बाजारात मासे विकणाऱ्या एखाद्या म्हातारीची मायबोली रशियनच असते. तिचा जन्म तिथलाच, आणि तिलाही आपली भाषा कुणी हिसकावून घेतल्यासारखी वाटू शकते. पाहुण्याने ‘लाब्दियेन’ म्हणून नमस्कार करावा, ‘पाल्दियेस’ म्हणून आभार मानावेत आणि पुढची भाषा समोरच्याला ठरवू द्यावी. एवढं केलं की माणसं मोकळी होतात.

लात्वियात लात्वियनपेक्षाही वाईट दिवस पाहिलेली एक भाषा आहे, लिवोनियन. एस्टोनियन आणि फिनिशच्या गोतातली. रीगा वसलं त्या आखाताच्या काठी एके काळी हे लोक राहत, आणि मध्ययुगात त्या सबंध प्रदेशालाच त्यांच्या नावावरून लिवोनिया म्हणत. विसाव्या शतकात ती कोल्का भूशिराजवळच्या डझनभर कोळी गावांपुरती उरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो किनारा सोव्हिएत सीमाक्षेत्र झाला, समुद्रावर जायला बंधनं आली. मासेमारीच बसली तर कोळ्याने गावात राहून करायचं काय? गावं रिकामी झाली, भाषा विखुरली. लिवोनियन मायबोली असलेली शेवटची व्यक्ती मानल्या गेलेल्या ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या 2013 मध्ये कॅनडात वारल्या. तेव्हा त्यांचं वय 103 होतं.

तरी गोष्ट तिथे थांबली नाही. लात्वियाच्या 1999 च्या राज्यभाषा कायद्यात लिवोनियन ही इथल्या मूळ रहिवाशांची भाषा म्हणून नावानिशी नोंदली आहे आणि ती जपण्याची जबाबदारी सरकारने घेतली आहे. 2018 मध्ये लात्विया विद्यापीठात लिवोनियन संस्था सुरू झाली. माझिर्बे गावात 1939 मध्ये फिनलंड, एस्टोनिया, हंगेरी इथल्या भाषाबंधूंच्या मदतीने बांधलेलं लोकगृह आहे, तिथे दर ऑगस्टमध्ये मेळावा भरतो. आणि अलीकडे एका जोडप्याने आपल्या मुलीला जन्मापासून लिवोनियनमध्ये वाढवायला घेतलं आहे.

निहालीची स्थिती आज त्याहून बरी आहे. ती घरात बोलली जाते, अजून. पण कागदावर ती जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव स्वतंत्र नाही. ते ‘कोरकू’ या नोंदीखाली बोपची, मौआसी यांच्या सोबतीला आहे. 1971 पासून जनगणनेच्या छापील तक्त्यांत दहा हजारांहून कमी लोकांची मातृभाषा वेगळी दाखवत नाहीत. 2011 मध्ये देशभरातल्या लोकांनी मातृभाषा म्हणून 19,569 नावं सांगितली. छाननीनंतर दहा हजारांची अट पार केलेल्या 270 मातृभाषा उरल्या. निहाली त्यात नाही. ती दिसते ती केंद्र सरकारच्या नष्ट होऊ घातलेल्या 42 भाषांच्या यादीत, आणि त्या यादीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं एकच नाव म्हणजे निहाली.

कुणाला घाटाखाली जावंसं वाटलं तर जरूर जावं, पण मोबाईल समोर धरून ‘तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा’ असं म्हणू नये. आधी ओळख होऊ द्यावी. आपण मराठीतच बोलावं, ते बहुधा उत्तम मराठी बोलतात. समोरच्याने आपणहून भाषेचा विषय काढला तर ऐकून घ्यावं आणि तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकू येईल तसं उच्चारावं.

येत्या जनगणनेत प्रगणक या वस्त्यांवर जातील. ते बहुधा आपल्याच भागातले शिक्षक असतील, काही चिखली-उंद्रीकडून बदलून घाटाखाली गेलेले. त्यांना एक कळकळीची विनंती. मातृभाषेच्या रकान्यात सवयीने कोरकू किंवा मराठी लिहून टाकू नका. घरात कोणती भाषा बोलता ते विचारा, संकोच वाटत असेल तर उत्तर येईपर्यंत थोडं थांबा, आणि जे नाव सांगतील तेच लिहा. आकडा दहा हजारांच्या खाली राहील, छापील तक्त्यात तो येणार नाही. पण मूळ नोंदीत निहाली राहील, आणि उद्या त्यांच्यापैकी कुणी शाळा किंवा पुस्तक मागायला आलं तर दाखवायला निदान तेवढा कागद असेल.